पेशींची दुपारची झोप

विषाणू आत शिरला तरी शरीरातल्या पेशी गप्प का बसतात, हा उत्तराच्या पीएचडीचा प्रश्न होता. धोका ओळखलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी उजळायला हवी, पण तिच्या पेशी वर्षानुवर्षं अंधारातच होत्या. "आज उजळल्या नाहीत तर विषय बदलायचा," तिचे मार्गदर्शक सूर्यकांत सर यांनी बजावलं होतं. दुपारी काळोख्या खोलीत ती भिंगाला डोळा लावून बसली आणि तशीच झोपली. स्वप्नात ती पेशीच्या दारात पोचली. आत निळसर धुक्यात सगळे पहारेकरी तरंगत घोरत होते आणि विषाणू, अगदी तिच्या दिल्लीतल्या मुनिरकाच्या घरमालकासारखा, बनियनवर, एकेकाच्या अंगावर हळुवार रजई ओढत होता. "सो जाओ बेटा, अपना ही आदमी आया है." "अहो उठा! हा घरचा नाहीये!" उत्तरा जीव खाऊन ओरडली, आणि त्या आवाजाने तिलाच जाग आली. भिंगाखाली सगळं हिरवंगार झालं होतं. मागे सर उभे होते. "काय घातलंस यात?" "काहीच नाही, सर. मी फक्त झोपले आणि ओरडले." सरांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. "छान. पण एकदा घडलं तर तो योगायोग. अजून दोनदा हेच करून दाखव. आणि तुलनेसाठी शेजारी न ओरडता झोपणारा एक जण हवा." "बिल्कुल, सर," दारातून आवाज आला. लॅबमधल्या कुठल्याच कामाला हात न लावणारा नचिकेत उशी घेऊन उभा होता.