चंदूची सिंगल ओनर गाडी

जुन्या गाड्यांचं मला वेड. मनोरीच्या चंदू कोळ्याकडून वीस वर्षं जुनी गाडी स्वस्तात उचलली. पावणेतीन लाख किलोमीटर पळालेली, पण इंजिन असं झकास की नुसतं ऐकत बसावं! चंदू म्हणाला, "सिंगल ओनर हाय दादा. आईला आन् तिच्या टोपल्यांना बाजारात सोडायचं, बाकी कुठं नेली नाय."

घरी बायको भडकली. "नितेश, लोकं नवी गाडी आणतात, तू भंगार आणलंस! उद्याच्या उद्या परत देऊन ये."

"अक्षता, एक राउंड मारू. मग तू म्हणशील तसं."

तोंड वाकडं करून बसली. चारकोपचा सिग्नल आला. मग हळूच सीटला डोकं टेकून तिने डोळे मिटले.

"राहू दे रे गाडी. का कोण जाणे, वेंगुर्ल्याला आईच्या स्वयंपाकघरात बसल्यासारखं वाटतंय. भूक पण लागली."

जिंकलो! गाडी बिल्डिंगखाली लावून आम्ही वर जेवायला गेलो.



हात धुऊन हौसेने खिडकीतून गाडी बघायला गेलो, तर बॉनेटपासून डिकीपर्यंत सोसायटीतली सगळी मांजरं डोळे मिटून बसली होती.