कडीचा विषय

"बाई, संडासाला कडी बसवणं हे समितीचं काम नव्हे," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी चहाचा आणखी एक कप पुढे ओढला. "समितीनं शाळेला दिशा द्यायची. देखरेख करायची. कड्या-कोयंडे शिपाई बघेल."

कंडक्टरबाई शाळेच्या समितीवर पालकांतर्फे नुकत्याच निवडून आल्या होत्या. आज पहिलीच सभा, म्हणून बसची ड्युटी बदलून घेऊन, केस चापूनचोपून बांधून आल्या होत्या.

"शिपाई म्हणतो, मुख्याध्यापिकाबाई सांगतील तेव्हा बसवीन. बाई म्हणतात, समितीनं ठराव केला की सांगते. आणि समिती म्हणतेय, शिपाई बघेल. ही गाडी डेपोतल्या डेपोतच फिरतेय, साहेब."

दातांचे डॉक्टर, हेही सदस्यच, फिसकन हसले. अध्यक्षांनी मान वळवताच त्यांनी बिस्कीट तोंडात कोंबलं.

"माझी मुलगी शाळेत पाण्याचा थेंब पीत नाही," कंडक्टरबाई म्हणाल्या. "तिच्या वर्गातली एकही मुलगी पीत नाही. प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं तर बाहेरून दार धरायला मैत्रीण लागते. मैत्रिणीशी कट्टी असली की संपलंच."

"तुमची भावना पोचली," अध्यक्ष म्हणाले. ते वकील होते. पोचलेल्या भावनेला बसायला खुर्ची कुठे द्यायची ते त्यांना बरोबर माहीत होतं. "विषय क्रमांक सात. वेळ उरला तर घेऊ."

मग विषय क्रमांक एक निघाला. फाटकावर शाळेचं नाव निळ्या रंगात असावं की सोनेरी? डॉक्टरांना निळा शांत वाटत होता. अध्यक्षांना सोनेरीत भारदस्तपणा दिसत होता. मुख्याध्यापिकाबाईंना दोन्ही पटत होतं. कंडक्टरबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. समिती दिशा देत होती, चहा येत होता.

बऱ्याच वेळानं अध्यक्षांच्या बोलण्यातला जोर ओसरला. त्यांनी एका पायावर दुसरा पाय टाकला, मग दुसऱ्यावर पहिला. शेवटी झुकून ते मुख्याध्यापिकाबाईंच्या कानात काहीतरी पुटपुटले.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "आमच्या बाजूला आज पाणीच नाही हो. मुलांच्या बाजूला जावं लागेल."

"आलोच," असं म्हणून अध्यक्ष रुबाबात निघाले. दारापर्यंत रुबाब टिकला. पुढे व्हरांड्यात नुसती पावलांची पळापळ ऐकू आली.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. लेक दिसतेय का बघावं म्हणून कंडक्टरबाई बाहेर पडल्या. लेक दिसली नाही. मैदानाच्या कडेच्या संडासांपाशी मात्र पोरांचा घोळका जमला होता.

"बाई, बाई!" एक पोरगा धावत आला. "आत कुणीतरी बोट विसरलंय!"

कंडक्टरबाईंनी पाहिलं. दाराला कडी होती तिथं आता नुसतं भोक होतं, आणि त्या भोकातून एक जाडजूड बोट आकड्यासारखं वाकून दार ओढून धरत होतं. बोटात पिवळ्या खड्याची अंगठी. सकाळपासून हेच बोट त्यांच्याकडे रोखलेलं होतं. एकजण त्याला गवताच्या काडीनं गुदगुल्या करत होता.

"आहे! आत आहे!" आतून चिरकलेला आवाज येत होता. "अरे गाढवांनो, कुणीतरी आहे!"

"ए, चला मागे सरका!" कंडक्टरबाईंचा आवाज मैदानभर घुमला. "ही गाडी फुल आहे! मागच्या गाडीनं या! चला, लोंबकळू नका!"

घोळका पांगला. कंडक्टरबाईंनी दाराला पाठ टेकली आणि पाय रोवून उभ्या राहिल्या.

"कोण आहे बाहेर?" आतून दबकत प्रश्न आला.

"पालक सदस्य."

अंगठीचं बोट भोकात जरा आक्रसलं.

"बाई, तुम्ही... जाणार नाही ना?"

"नाही जात. बोट आत घ्या आणि सावकाश होऊ द्या."

बोट आत गेलं.

"साहेब, शिपायाला बोलावू का?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. "म्हणजे, हे काम त्याचं आहे म्हणून."

"कुणालाही बोलावू नका!"

सभा पुन्हा भरली तेव्हा अध्यक्षांचे हात धुतलेले होते आणि कान लाल होते.

"विषय क्रमांक सात," ते म्हणाले.

"पण रंगाचं राहिलंय ना?" डॉक्टर म्हणाले.

"रंग कसला घेऊन बसलात, डॉक्टर! दार आतून बंद होणं हा धोरणाचा प्रश्न आहे. मूलभूत धोरणाचा! सगळ्या दारांना कड्या. आतून. सुतार आजच आला पाहिजे."

साहेबांना मैदानावर एकाएकी काय साक्षात्कार झाला, ते डॉक्टरांना आणि मुख्याध्यापिकाबाईंना कळेना. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. अध्यक्षांनी चोरून कंडक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा शेवटचा थांबा गेल्यावरच्या बससारखा रिकामा होता.

"माझं अनुमोदन," त्या म्हणाल्या.

सुतार त्याच दुपारी आला.

आठवडाभरानं लेक कुरकुरतच घरी आली. "आई, समितीला सांग ना काहीतरी. मधल्या सुट्टीत केवढी रांग असते! आत गेलेली मुलगी बाहेरच येत नाही."

"का गं? कडी अडकते की काय?"

"नाही गं. मस्त लागते."

"मग आत करतात तरी काय?"

लेकीनं खांदे उडवले. "काही नाही. कडी लावून नुसत्या उभ्या राहतात. मीपण राहिले आज."