ऑस्करचा डबा

कोंबडीच्या पायांची नखं कापताना अक्षता तोंडानेच श्वास घ्यायची. नाकाने घेतला की सकाळचा चहा वर यायचा. आज पिशवीतल्या माना बुळबुळीत लागत होत्या. तिने त्या दोनदा धुतल्या, हुंगल्या आणि तोंड फिरवलं. तीन वर्षांची लेक दारातून "शी" म्हणाली. अक्षता म्हणाली, शी तर शी, या शीवरच आपल्याला मोठी खोली मिळणार आहे.

लेकीला टाकून नोकरी जमेना, म्हणून भांडुपच्या दीड खोलीत तिने हा उद्योग मांडला होता. टॉवरमधल्या कुत्र्यांना घरचं जेवण. भात, भोपळा, गाजर, कोंबडी, हळद. मीठ नाही, मसाला नाही. सगळं घोटून स्टीलच्या डब्यांत भरायचं. खालच्या मजल्यावरचे लवूमामा स्कूटरवरून डबे पोचवत आणि आदल्या दिवशीचे रिकामे घेऊन येत.

धंदा किळसवाणा होता, पण चालत होता. डीप फ्रीजर मात्र तिने जिथे ठेवला होता, तिथे खरं तर आईची खाट लागायची होती.

आई, शेवंतीबाई, मुलुंडला थोरल्या मुलाकडे, यज्ञेशकडे राहायची. पडल्यापासून वॉकर धरून घरातल्या घरात फिरायची तेवढीच. गेल्या मे महिन्यात लुगड्याचा हिरवा काठ बोटाला गुंडाळत तिने अक्षताला विचारलं होतं, "माका तुझ्याकडे नेशीत गो?"

अक्षताने जागेचं कारण सांगितलं. वर्षभर थांब, मोठी खोली घेते आणि तुला नेते, असा शब्द दिला. तेव्हापासून मुलुंडला जायला तिला तोंड राहिलं नव्हतं. शब्द मात्र ती विसरली नव्हती. नाहीतर ही घाण कोण उपसत बसलं असतं?

यज्ञेशची बायको मानसी तिची पहिली गिऱ्हाईक. तिच्या ऑस्करसाठी रोज एक डबा जायचा. ऑस्कर आता म्हातारा झाला होता. पावसाळा सरता सरता मानसीचा मेसेज आला, त्याला चावत नाही, अजून मऊ घोटत जा. अक्षताच्या मस्तकात तिडीक गेली. घरात सासू वॉकरवर, आणि बाईसाहेबांना कुत्र्याच्या दाढांची काळजी.

आईशी फोनवर बोलायचं तर मानसी शेजारीच उभी असायची. आई दोन वाक्यांत उरकायची. "बरा आसा गो माका. ती बाई मऊ शिजवून देता."

म्हणजे वहिनीने स्वयंपाकालाही बाई ठेवली होती. अक्षता जरा जळली, पण तिच्या जिवाला बरंही वाटलं. आईच्या पोटात वेळेवर मऊ घास जातोय, या समाधानावर ती दिवस ढकलत होती.

साखरेचं सुरू झालं ते नवरात्रात. बाकीचे डबे खरकट्यासकट येत, मुलुंडचा मात्र अलीकडे लख्ख घासलेला यायचा. त्या दिवशी त्याच्या तळाला चिमूटभर साखर होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी लवूमामांच्या पिशवीला मुंग्या लागल्या.

डबा रिकामा परत करू नये, हे अक्षतालाही ठाऊक होतं. पण कुत्र्याच्या डब्याला कसली आलीय रीत? हा सरळसरळ टोमणा होता. गरीब नणंदेच्या पदरात दान टाकल्यासारखा. तिने मेसेज केला, वहिनी, साखर नको, मुंग्या होतात. मानसीने नुसता अंगठा पाठवला.

मग अक्षताही इरेला पेटली. मुलुंडच्या डब्यात ती वेचून वेचून टाकू लागली. पायांची कातडी, तळाला लागलेला भात, परवाचं उरलंसुरलं. पहिल्यांदा हात अडखळला, मग सवय झाली. कुत्र्याला काय कळतंय? नंतर हात धुताना मात्र तिला स्वतःचीच शिसारी यायची. साबण दोनदा लावला तरी बोटांचा वास जायचा नाही.

आजच्या माना फेकायला तिचा जीव होईना. दुसऱ्या कुणाचा कुत्रा आजारी पडला असता तर धंद्याची वाट लागली असती. तिने त्या वेगळ्या शिजवल्या, वास मारायला हळद जास्त घातली, हाडं काढली आणि सगळं घोटून मुलुंडच्या डब्यात दाबून भरलं. लवूमामा डबे घेऊन गेले.

दुपारी ते परत आले. रिकामे डबे कट्ट्यावर ठेवून त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झालं तरी पेला हातातच.

"अक्षता, तो मुलुंडचा डबा नक्की कोणासाठी जातो गं?"

"ऑस्करसाठी. का?"

"आज वॉचमन हसला मला. म्हणाला, कुत्रा तर गणपतीतच गेला. त्या वॉचमननेच उचलून नेला."

लेक दारात बाहुलीशी खेळत होती. अक्षताने विचारलं, "आजचा डबा दिलात?"

"दिला की. लगेच वरही गेला. जेवायची वेळ झाली होती ना."

त्यांनी मुलुंडचा कालचा डबा तिच्यापुढे सरकवला. अक्षताने झाकण उघडलं. डबा लख्ख घासलेला होता. आत साखर होती. मुंग्या लागू नयेत म्हणून लुगड्याच्या हिरव्या काठाच्या चिंधीत घट्ट बांधलेली.