उठताना भांडण

प्रोबेशन ऑफिसातली आठवड्याची हजेरी संपली की हणमंत भांडण उकरून काढायचा. आजही उठता उठता त्याने खुर्ची लाथाडली. डॉक्टर याला व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणत. आधीचे प्रोबेशन अधिकारी माज म्हणत. आणखी एक तक्रार कोर्टात गेली, की तुरुंग ठरलेला होता.

नवे अधिकारी टिळेकर यांना मात्र नवल वाटत होतं. "काय रे, दरवेळी जातानाच का भांडतोस?"

"साहेब, भांडून गेलो की दुसऱ्या दिवशी तुम्ही फोन करता. नीट गेलो तर आठवडाभर कोण विचारतंय?"

टिळेकरांनी खुर्ची उचलली. "तक्रार करत नाही. उद्या फोन करतो. आज गुमान जा."

"आणि विसरलात तर?"

"मग तू लाव. बायको गेल्यापासून माझाही फोन वाजत नाही."