बरणीच्या गळ्याचा तुकडा

तड्‌कन आवाज झाला आणि विजयमालाचा हात कळशीसकट हवेतच राहिला.

चुलीवरच्या पातेल्यात टोमॅटोनं भरलेल्या तीन काचेच्या बरण्या उकळत होत्या. मोरीच्या सांडपाण्यावर जगवलेल्या रोपांचे हे शेवटचे टोमॅटो. सांडपाणीही सरलं, तेव्हा उन्हानं करपायच्या आत तिनं सगळे तोडून घेतले. लेकीच्या, पुष्पीच्या, हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टर म्हणाले, लिंबू द्या, टोमॅटो द्या. या दुष्काळात काष्टीच्या बाजारात लिंबू औषधालाही मिळेना. मग तिला कॉलेजात शिकलेलं आठवलं. बरण्या गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून उकळायच्या, झाकण घट्ट लावायचं, की महिनोन्‌महिने टिकतात. उकळून पाणी आटलं, गळे उघडे पडले, म्हणून तिनं कळशीतलं उरलंसुरलं पाणी वरून ओतलं. गार पाणी.

एक बरणी फुटली होती. घरातलं सगळं पाणी त्या पातेल्यात होतं, आणि पाण्यात काच.

"टँकर उद्या दुपारी." सासू झुंबरबाई रिकामा तांब्या घेऊन शेजारून परतल्या. "कुनाच्या घरात घोटभर न्हाई. वर शेजारची चांगुणा इचारती, तुमच्यात बरण्यांना आंगूळ घालत्यात व्हय?"

पातेलं उतरवून विजयमालानं दोन्ही धड बरण्या बाजूला काढल्या. पाणी निवल्यावर ते धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळलं. पुन्हा गाळलं. मग परातीत एकेक काच मांडून फुटकी बरणी जुळवत बसली. बूड जुळलं. पोट जुळलं. गळ्यापाशी नखाएवढी जागा रिकामी राहिली. तिनं सांडलेला गर बोटांनी चिवडला, फडकं उलटंपालटं केलं. तो तुकडा काही सापडेना. बारीक कण होऊन फडक्यातून पाण्यात उतरला असेल तर?

"पानी," पुष्पी म्हणाली. कालपासून अंगात ताप होता. विजयमालानं धड बरणी उघडून टोमॅटोचा रस तिच्या ओठांना लावला. हिरड्यांना झोंबला तशी पोरीनं तो थुंकून टाकला आणि रडायला तोंड पसरलं. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"दे हिकडं," झुंबरबाईंनी गाळलेल्या पाण्याचा तांब्या ओढला. "मी पिऊन बघते. दात गेल्यापसनं जीभ लई शानी झालीया माझी. भातातला खडा बरूबर घावतो."

"एका घोटात नाही घावला, तर दुसऱ्यात असेल, आत्याबाई. पोरीच्या घोटात असेल."

झुंबरबाईंचा हात तांब्यावरून सुटला.

विजयमालानं पुष्पीला मांडीवर घेतलं. तांब्यातला एक घोट तोंडात धरला. गिळला नाही. दातांच्या मागून, गालांच्या आतून, टाळूवरून जीभ सावकाश फिरवली. ज्या पोरीचा पेला तिनं आजवर कुणाला उष्टावू दिला नव्हता, तिच्या ओठांना ओठ लावले आणि पाणी आत सोडलं.

"आनखी," पुष्पी म्हणाली.

तिनं दुसरा घोट घेतला. जीभ पुन्हा फिरू लागली. पुष्पी तिच्या गळ्याकडं टक लावून बघत होती, आई गिळती की काय म्हणून.