सायकलचोराची उलटतपासणी

बॅरिस्टरीच्या परीक्षेत हॅटी उलटतपासणीतच नापास झाली होती, म्हणून पुन्हा बसण्याआधी तिने घरी वडिलांना सायकलचोर करून सराव चालवला.

“सायकल तुम्हीच चोरलीत ना?”

“हो.”

“बाबा, नाही म्हणायचं असतं.”

“तू परत हरलेली बघवणार नाही गं मला.”

मग त्यांना सायकलचा मालक केलं, तर म्हणाले, सायकल माझी नव्हतीच.

परीक्षेला सोडायलाही तेच आले, हातात सँडविचचा डबा घेऊन. आत परीक्षेसाठी आरोपीची भूमिका करणाऱ्या नटाने पहिल्याच प्रश्नाला चोरी कबूल केली. आता विचारायला काही उरलंच नाही, म्हणजे पुन्हा नापास. हॅटीने सुस्कारा सोडला.

“बाहेर माझ्या बाबांनी तुम्हाला सँडविच दिलं ना?”

“नाही.”

“चीज आणि लोणच्याचं?”

नटाने ओठ पुसले. परीक्षकांनी पेन उचललं.