देणाऱ्याचं नाव

विद्युल्लताबाईंनी पेन खिडकीच्या उजेडात धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि काळ्या नळीवर कोरलेलं नाव वाचलं. 'सीताबाइ'.

"शेवटच्या अक्षरावरचा रफार विसरलाय," त्या म्हणाल्या. "आणि शिरोरेषा बघा कशी वर चढत गेलीय. कोरणारा शिकाऊ असणार."

टेबलामागे काळूराम बसले होते. भिवंडीतल्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये आज पेनांचं प्रदर्शन होतं. मुंबई-पुण्याचे विक्रेते मखमल अंथरून बसले होते. जवळच्या वळ गावचे काळूराम बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले होते आणि त्यात हे एकच पेन होतं. सकाळपासून तिघांनी ते मागितलं. नावामुळे पेनाचं मोल पडतं, पण यंत्रावर घासून बफ मारला की नाव जाईल, असं तिघांनीही समजावलं. तिघांच्याही तोंडावर काळूरामांनी डब्याचं झाकण लावलं होतं.

"मला नावासकट हवंय," बाई म्हणाल्या. "नावासाठीच घेतेय मी."

काळूरामांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा."

बाई बसल्या. त्या जमवायच्या ती नाव कोरलेलीच पेनं. इतर संग्राहक त्याबद्दल त्यांना हसत, आणि बाई त्या हसण्याला काडीची किंमत देत नसत. पस्तीस वर्षं मुलांचं शुद्धलेखन तपासलेल्या बाई त्या. लग्नाआधी नवऱ्याने पाठवलेल्या पत्रातल्या वेलांट्याही त्यांनी दुरुस्त करून परत धाडल्या होत्या. आतापर्यंत दोनशे अकरा पेनं झाली होती. त्यांवर वकील होते, तलाठी होते, दोन डॉक्टर होते, बाई एकही नव्हती. लिहिणाऱ्या बाईचं एक तरी पेन मिळायला हवं, या एका हट्टापायी त्या गावोगावची प्रदर्शनं पालथी घालत होत्या. आज ते हातात होतं.

"या सीताबाई कोण? शिक्षिका होत्या?"

"माजी आयस."

"तुमच्या आई? काय लिहायच्या?"

"काय न्हाय. तिला लिवता येत नवतं. पेन बापासचा. बापूस सोसायटीत लिवायला होता."

"मग नाव त्यांचं कसं?"

"देनाऱ्याचं टाकतात ना नाव?" काळूरामांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "लग्नात मामानं हंडा दिला तं हंड्यावर मामाचं नाव टाकतात. मंग पेनानं काय घोडं मारलंय? वज्रेश्वरीचे जत्रेत पेन घेतला तिनं बापासला द्यायला. नाव टाकलं तिचं."

बाईंच्या स्वयंपाकघरातल्या निम्म्या भांड्यांवर त्यांच्या मामांचं नाव होतं. तरी पेनाच्या बाबतीत हे आपल्या डोक्यात कधी आलं नाही, याचा त्यांना राग आला. घरच्या दोनशे अकरांपैकी किती नावं नुसती देणाऱ्यांची असतील, देव जाणे. पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते हातातल्या पेनाचं. त्यांनी ते डब्यात परत ठेवलं.

"पेन चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण मला लिहिणाऱ्या बाईचं हवं होतं."

"शिकाऊ म्हंगालात ना मगाशी? ते बराबर वळखलंत."

"कोण शिकाऊ?"

"आयस. त्या कोरनाऱ्यानं नाव इचारलं. ही म्हंगाली, मी सोता टाकीन. त्याचे हातातली सुई घेतली न् फतकल मारून बसली थयंच. मागं गिऱ्हाइकांची रांग लागली, तो बिचारा हातापाया पडला. पन नाव पुरं केल्याबिगर उठली न्हाय."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. आता त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला होता.

"म्हणजे अक्षरं येत होती त्यांना."

"चारच. ती पन मी पाटीवर काढून दिलेली. दुसरीत होतो. म्हयनाभर गिरवत होती चुलीपाशी." काळूरामांनी अंगठ्याने नावाचं शेवटचं अक्षर पुसल्यासारखं केलं. "रफार मी इसरलो. तिचा काय दोष न्हाय त्याच्यात."

बाईंनी पिशवीतून जाडजूड वही काढली, टेबलावर उघडली आणि शेजारच्या विक्रेत्याची शाईची बाटली हक्काने ओढून घेतली. पेनात शाई भरली. इतक्या वर्षांनी निब आधी कोरडीच खरवडली, मग वळणावर आली.

वहीत एकेका पेनाची एकेक ओळ होती आणि प्रत्येक नावापुढे तेच तीन शब्द होते, 'यांचे लिहिण्याचे पेन'. बाईंनी क्रमांक टाकला, दोनशे बारा. पुढे सीताबाईंचं नाव लिहिलं. क्षणभर हात थांबला. मग त्यांनी ठाम अक्षरात लिहिलं, 'यांनी लिहिलेले पेन'.

वही त्यांनी काळूरामांकडे फिरवली.

"तपासून बघा," त्या म्हणाल्या. "काही चुकलंय का?"

काळूरामांनी शब्दाशब्दावर बोट ठेवत ओळ वाचली. पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली.

"न्हाय," ते म्हणाले आणि पेनाचं टोपण त्यांनी बाईंच्या बाजूला सरकवलं.